एक फोनलाइन, सहा संगणक: वाटून घेतलेल्या डायल-अप जोडणीच्या वेगाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण डायल-अप जोडणीच्या, म्हणजे फोन लावून इंटरनेटला जोडण्याच्या पद्धतीच्या, अखेरच्या वर्षांतले आहे. अनुवाद आणि छपाईपूर्व मांडणी करणाऱ्या एका छोट्या कार्यालयात सहा संगणक होते आणि इंटरनेटसाठी एकच फोनलाइन होती. या कार्यालयाची संगणकव्यवस्था मी पाहत असे. बाहेरून जोडायचा ५६ के मोडेम (संगणकाला फोनलाइनशी जोडणारा डबा) मांडणीकाराच्या संगणकाला लावलेला होता, त्यामुळे कुणालाही काही शोधायचे असले, मेल पाहायची असली, तर मांडणीकाराला उठवून त्याच्या जागेवर बसावे लागे. १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत जोडणी वाटून घेण्याची सोय होती. मोडेम असलेला संगणक १९२.१६८.०.१ हा पत्ता स्वतःकडे घेतो, बाकीच्या संगणकांना खासगी पत्ते वाटतो आणि त्यांची पॅकेटे, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, आपल्या नावावर बाहेर पाठवतो, अशी तिची रचना होती. कार्यालयात १० मेगाबिटचे अंतर्गत नेटवर्क आधीपासून होते. मी ही सोय सुरू करून दिली आणि सहाही जण आपापल्या जागेवरून बाहेर पोहोचू लागले.

पहिले काही दिवस सगळे खूश होते. मग तक्रारी सुरू झाल्या.

तक्रार नेमकी काय होती

तक्रार सगळ्यांची एकच होती: “वाटून घेतल्यापासून नेट मंद झाले आहे.” मीही ती याच शब्दांत स्वीकारली आणि इथेच पहिली चूक झाली. मंद म्हणजे काय, हे मी कुणाला विचारले नाही. पान हळूहळू उतरते, की बराच वेळ काहीच होत नाही आणि मग एकदम उतरते? दिवसभर असे होते, की मध्येच होते? या दोन प्रश्नांची उत्तरे पहिल्याच दिवशी घेतली असती, तर पुढचा दोन महिन्यांचा फेरा वाचला असता.

त्याऐवजी मी मनातल्या मनात भागाकार केला. आमचा मोडेम व्ही.९० या मानकाचा होता. कागदावर त्याचा वेग सेकंदाला ५६ किलोबिट असला, तरी प्रत्यक्षात जोडणी उतरत्या दिशेने (बाहेरून आमच्याकडे) ४६,६६७ बिटांवर आणि चढत्या दिशेने (आमच्याकडून बाहेर) ३१,२०० बिटांवर लागत असे. सगळे खर्च वजा जाता डाउनलोडला सेकंदाला पाच किलोबाइटच्या आसपास मिळत. सहा जणांत वाटले तर एकाच्या वाट्याला एक किलोबाइटही येत नाही, तेव्हा मंद वाटणारच, असे मी कार्यालयप्रमुखांना सांगितले. त्यांनाही ते पटले.

हा हिशोब ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो चुकीचा आहे. पान वाचणारा माणूस लाइन अडवून बसलेला नसतो. ६० किलोबाइटचे पान बारा सेकंदांत उतरते आणि त्यानंतर वाचणारा मिनिटभर ते वाचत असतो. त्या मिनिटात लाइन मोकळी असते आणि दुसऱ्या कुणाला ती पूर्ण वेगाने मिळते. दोघांनी नेमके एकाच क्षणी पान मागितले, तर दोघांनाही बाराऐवजी चोवीस सेकंद लागतील, त्याहून अधिक नाही. वाचणारे पाच-सहा जण एका डायल-अप लाइनवर बऱ्यापैकी सुखाने राहू शकतात. लाइन सतत धरून ठेवणारे काम आले की मात्र गणित बदलते. डाउनलोडचा प्रोग्रॅम एका फाइलसाठी चार जोडण्या उघडत असेल आणि शेजारचा माणूस एकाच जोडणीवर पान मागत असेल, तर टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर मजकूर पोचवण्याची नियमावली, त्या पाच जोडण्यांत साधारण सारखी वाटणी करतो. माणसे किती आहेत हे त्याला कळत नाही. परिणामी चार हिस्से एकाला जातात आणि एक दुसऱ्याला.

पहिला निर्णय: माणसांवर बंधन

भागाकारावर विश्वास ठेवल्यामुळे उपायही तसेच निघाले. दुपारपर्यंत कुणी डाउनलोड करायचे नाही, ब्राउझरमध्ये चित्रे बंद ठेवायची, असे ठरले. नव्याने रुजू झालेली एक अनुवादक शब्दांचे संदर्भ शोधण्यासाठी दिवसभर पाने उघडत असे, म्हणून सगळ्यांचा रोख तिच्याकडे वळला. तिच्या संगणकावरची चित्रे मी स्वतः बंद केली आणि “थोडे बेताने वापरा” असेही तिला सांगितले. तिने वाद घातला नाही. पण त्यानंतरही तक्रारी तशाच राहिल्या आणि त्यात सर्वांत जास्त तक्रारी तिच्याच होत्या. जी सर्वांत कमी लाइन वापरते तिलाच सर्वांत जास्त त्रास का होतो, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

दुसरा निर्णय: दुसरी लाइन

कार्यालयप्रमुखांनी मग दुसरी फोनलाइन आणि दुसरा मोडेम घेण्याचे ठरवले. लाइन दोन झाल्या की वेग दुप्पट होईल, अशी अपेक्षा होती. तसे होण्यासाठी मल्टिलिंक पीपीपी, म्हणजे अनेक फोनजोडण्या एकत्र जुळवणारी पद्धत, लागते. १९९६ मध्ये निघालेल्या ‘आरएफसी १९९०’ या क्रमांकाच्या इंटरनेट दस्तऐवजात त्याचे नियम घालून दिलेले आहेत. त्यात एकाच जोडणीचा मजकूर तुकडे करून दोन्ही लाइनींवरून पाठवला जातो आणि पलीकडे पुन्हा जुळवला जातो. म्हणजे सेवापुरवठादाराच्या बाजूलाही ती सोय असावी लागते. आमच्या सेवापुरवठादाराकडे ती नव्हती आणि एका खात्यावर एका वेळी एकच जोडणी करता येत असे. हे आम्हाला मोडेम आणल्यानंतर कळले. लाइनसाठी अर्ज करण्याआधी एक फोन करून विचारले असते तरी पुरले असते.

लाइन तर आली होती. मग दुसऱ्या एका सेवापुरवठादाराकडे वेगळे खाते उघडले आणि दुसरा मोडेम त्याच संगणकात बसवला. दोन स्वतंत्र जोडण्या एका संगणकावर आल्या, पण त्यांची बेरीज झाली नाही. वाटणीची सोय एका वेळी एकच जोडणी वाटून देत होती आणि संगणकाची बाहेर जाण्याची मूळ वाट, म्हणजे डिफॉल्ट रूट, नुकत्याच लागलेल्या जोडणीकडे वळत होती. एक लाइन तुडुंब भरलेली आणि दुसरी रिकामी, असे चित्र दिवसचे दिवस दिसू लागले. दोन्ही लाइनींचे मिनिटांचे बिल मात्र चालू होते.

त्यात दुसरा मोडेम आतला होता आणि स्वस्तातला होता. अशा मोडेममध्ये आवाजाचे बिटांत रूपांतर करणारी स्वतंत्र चिप नसते. ते काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर पडते. मांडणीकाराने चित्रांनी भरलेले पान प्रिंटरकडे पाठवले की प्रोसेसर त्यात गुंतायचा आणि त्या लाइनवरचा मजकूर अडखळायचा. त्याने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तर सहाही जण बाहेर फेकले जायचे. ज्या संगणकावर सर्वांत जड काम चालते, त्याच्याच खांद्यावर मी सगळ्या कार्यालयाची वाट ठेवली होती.

मोडेमचा दिवा

गाठ सुटली ती एका दुपारी, योगायोगाने. मी मांडणीकाराच्या टेबलाखाली तारा पाहत वाकलो होतो आणि बाहेरचा मोडेम माझ्या तोंडासमोर होता. त्याच्या पुढच्या बाजूला छोट्या तांबड्या दिव्यांची ओळ होती. त्यातला आरडी हा दिवा बाहेरून मजकूर येताना लुकलुकतो आणि एसडी हा दिवा बाहेर जाताना. पान वाचणाऱ्यांच्या कार्यालयात आरडी जास्त आणि एसडी क्वचित लुकलुकायला हवा. तिथे उलटे चालले होते. एसडी न विझता जळत होता आणि आरडी मधूनच एकदा चमकत होता. त्याच वेळी ती अनुवादक मागून म्हणाली, “सर, आता बघा. आता काहीच उघडत नाहीये.”

कुणीतरी काहीतरी बाहेर पाठवत होते. मी सहाही पडदे पाहिले. कुणीच काही पाठवत असल्याचे दिसेना. शेवटी नेटवर्कच्या तारा एकेक करून काढल्या. कार्यालयप्रमुखांच्या संगणकाची तार काढताच एसडी दिवा विझला आणि मागे पान उघडले. त्यांचा मेलचा प्रोग्रॅम दर अर्ध्या तासाने मेल पाहण्यासाठी आणि पाठवण्यासाठी लावलेला होता. ग्राहकांना दाखवायच्या पानांच्या फाइली तेच जोडून पाठवत. ते “पाठवा” म्हणून पुढच्या कामाला लागत आणि मेल मागच्या मागे जात राही. आपण लाइन अडवतो आहोत हे त्यांना कळण्याचा काही मार्गच नव्हता.

त्या दुपारी मी कागदावर जो हिशोब केला, तो असा होता. २ मेगाबाइटची फाइल मेलला जोडली की तिचे अक्षरांत रूपांतर होते आणि ती एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे साधारण २.७ मेगाबाइट होते. चढत्या दिशेचा ३१,२०० बिटांचा वेग म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट धरून) सेकंदाला ३,९०० बाइट. तेव्हा एक फाइल जायला बारा मिनिटे लागतात आणि एवढा वेळ चढता रस्ता पूर्ण भरलेला असतो. या रस्त्याच्या तोंडाशी, मोडेमच्या आणि त्याला चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रॅमच्या रांगेत, ८ किलोबाइट जरी साचलेले असले, तरी त्यामागे लागलेल्या पॅकेटला दोन सेकंदांहून अधिक थांबावे लागते. पिंग करून पाहिले, म्हणजे एक छोटे पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजले. लाइन मोकळी असताना उत्तर १६० मिलिसेकंदांच्या आसपास येत होते. फाइल जात असताना त्याला दोन ते अडीच सेकंद लागत होते.

आता पान उघडताना काय घडते ते पाहा. आधी नाव विचारून पत्ता मिळवायचा, मग सर्व्हरशी जोडणी करायची, मग पान मागायचे. या तीन फेऱ्या एकामागून एक होतात. मोकळ्या लाइनवर त्यांना मिळून अर्धा सेकंद लागतो. मागे फाइल जात असेल, तर पहिले अक्षर येण्याआधीच सात सेकंद जातात आणि पानातल्या प्रत्येक नव्या चित्रासाठी नवी जोडणी करावी लागली, तर पुन्हा तेच. उतरता रस्ता या सगळ्या वेळात जवळपास रिकामा असतो. लाइनची क्षमता कमी पडत नव्हती, मागणी रांगेत अडकत होती. सर्वांत जास्त छोट्या मागण्या करणाऱ्या अनुवादकेलाच सर्वांत जास्त त्रास का होत होता, याचे उत्तर इथे मिळाले. ती लाइन खात नव्हती, प्रत्येक वेळी रांगेच्या शेवटी उभी राहत होती.

मी त्याच दिवशी तिच्या संगणकावरची चित्रे पुन्हा सुरू केली आणि सगळ्यांसमोर कारण सांगितले.

पुढे आलेले पर्याय

मोठ्या फाइली फक्त जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी पाठवायच्या, हा सर्वांत सोपा पर्याय होता. तो लगेच लागू केला आणि त्याने निम्मा त्रास गेला. पण ग्राहक फोनवर थांबलेला असताना संध्याकाळची वाट पाहता येत नाही, म्हणून तो पुरेसा नव्हता.

मल्टिलिंक देणारा तिसरा सेवापुरवठादार शोधावा, असेही सुचवले गेले. मी तो पर्याय बाजूला ठेवला. दोन्ही लाइनी जुळल्या असत्या तर बारा मिनिटांची फाइल सहा मिनिटांत गेली असती, पण ती सहा मिनिटे बाकीचे रांगेतच उभे राहिले असते.

उरलेला पर्याय असा होता की वाटणीचे काम मांडणीकाराच्या संगणकावरून काढून एका वेगळ्या, फक्त त्याच कामाच्या संगणकाकडे द्यावे आणि कुणाचे पॅकेट आधी जाईल हे त्या संगणकाला ठरवू द्यावे. कपाटात एक जुना पेंटियम संगणक पडून होता. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली घालायचे ठरले. मला लिनक्सचा अनुभव बेताचाच होता आणि कार्यालयाचे काम थांबवून शिकणे परवडणारे नव्हते, म्हणून पंधरा दिवस तो संगणक मी बाजूला चालवून पाहिला. जुनी व्यवस्था तशीच ठेवली होती. काही बिघडले असते तर एक तार बदलून मागे येता आले असते. या प्रकरणातला हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

केलेले बदल

पहिला बदल पॅकेटच्या आकाराचा होता. मोठी पॅकेटे म्हणजे जास्त वेग, असे कुठेतरी वाचून मीच पूर्वी डायल-अपचा पॅकेट आकार “मोठा” म्हणजे १,५०० बाइट केला होता. एकट्याने फाइल उतरवताना त्याचा थोडा फायदा होतोही. पण ३१,२०० बिटांच्या वेगाने १,५०० बाइटचे एक पॅकेट बाहेर पडायला ०.३८ सेकंद लागतात आणि सुरू झालेले पॅकेट मध्येच थांबवता येत नाही. ५७६ बाइटच्या पॅकेटला ०.१५ सेकंद लागतात. वाटून घ्यायच्या लाइनवर हा फरक मोठा आहे. हा आकार फक्त मोडेमच्या संगणकावर बदलून भागत नाही. आतले संगणक इथरनेटच्या, म्हणजे अंतर्गत नेटवर्कच्या, सवयीने १,५०० बाइटचीच पॅकेटे पाठवत राहतात, मग वाटेवरच्या संगणकाला त्यांचे तुकडे करावे लागतात किंवा ती परत फिरवावी लागतात आणि काही पाने अर्धवट उघडून अडकतात. म्हणून सहाही संगणकांवर ५७६ हाच आकार लावला.

दुसरा बदल रांगेचा होता आणि खरे काम त्यानेच केले. रांग मोडेमच्या पोटात साचली की तिच्यावर कुणाचाच ताबा राहत नाही. म्हणून जुन्या पेंटियममधून बाहेर जाणारा वेग मुद्दाम २८,००० बिटांवर, म्हणजे लाइनच्या क्षमतेपेक्षा थोडा खाली, अडवला. त्यामुळे रांग पेंटियममध्येच साचू लागली आणि तिथे तिला क्रम लावता आला: नावांची विचारणा, मिळालेल्या मजकुराच्या पोचपावत्या आणि छोटी पॅकेटे आधी, फाइलची मोठी पॅकेटे नंतर. एकाच प्रतीच्या पॅकेटांत सगळ्या जोडण्यांना पाळीपाळीने संधी मिळेल अशीही व्यवस्था केली. त्याच संगणकावर स्क्विड हा प्रॉक्सी, म्हणजे उघडलेली पाने साठवून ठेवणारा मधला प्रोग्रॅम, बसवला. एकाने उघडलेल्या पानातली चित्रे दुसऱ्याला तिथूनच मिळू लागली. सगळे त्याच दोन-चार संदर्भस्थळांवर जात असल्यामुळे त्याचा उपयोग झाला.

तिसरा बदल दुसऱ्या लाइनचा. दोन जोडण्यांची बेरीज होत नसली, तरी त्यांना वेगवेगळी कामे देता येतात. पेंटियमला बाहेरचे मोडेम जोडण्यासाठी दोन सिरियल पोर्ट होते. मांडणीकाराच्या संगणकातला आतला मोडेम काढून टाकला, पेंटियमला दुसरा बाहेरचा मोडेम लावला आणि जाणारी मेल, म्हणजे २५ क्रमांकाच्या पोर्टची (इथे पोर्ट म्हणजे प्रत्येक प्रकारच्या कामाला नेमून दिलेला क्रमांक) पॅकेटे, दुसऱ्या लाइनकडे वळवली. पहिल्या दिवशी सगळी मेल परत आली. पहिल्या सेवापुरवठादाराचा मेल सर्व्हर फक्त स्वतःच्या लाइनींवरून आलेली मेल पुढे पाठवत होता आणि आम्ही दुसऱ्याच्या लाइनवरून त्याचे दार ठोठावत होतो. सहाही संगणकांवर जाणाऱ्या मेलचा सर्व्हर बदलल्यावर ती अडचण सुटली. दुसरी लाइन मागणी आली तरच लागेल, असे ठेवले. एका सकाळी बिलाच्या नोंदीत ती रात्रभर लागत राहिल्याचे दिसले. विंडोजचे संगणक आपापसांत नावे विचारताना ती विचारणा बाहेरही धाडत होते आणि प्रत्येक विचारणेला मोडेम फोन लावत होता. १३७ ते १३९ ही पोर्ट बाहेर जाण्यापासून अडवल्यावर ते थांबले.

परिणाम

फाइल जात असतानाही पिंगचे उत्तर अर्ध्या सेकंदाच्या आत येऊ लागले. दुसरी लाइन बंद असेल आणि सगळे पहिल्याच लाइनवर आले असेल, तेव्हाही हे टिकले. २ मेगाबाइटच्या फाइलला त्या लाइनवर बाराऐवजी तेरा मिनिटे लागू लागली, आणि ते कुणाच्या लक्षातही आले नाही. डाउनलोडचा वेग पूर्वी होता तेवढाच राहिला. तरीही सगळे म्हणू लागले की नेट वेगवान झाले.

मांडणीकाराचा संगणक मोकळा झाला, आणि त्याच्या मते सगळ्यात मोठा फायदा तोच होता.

काय वेगळे करता आले असते

मोजमाप आधी आणि खरेदी नंतर, हा क्रम मी उलटा केला. पिंगची खिडकी दिवसभर उघडी ठेवून वेळा टिपल्या असत्या, तर दर अर्ध्या तासाने उठणारी लाट दुसऱ्याच दिवशी दिसली असती. त्या लाटेचे वेळापत्रकच मेलच्या प्रोग्रॅमकडे बोट दाखवत होते. दुसऱ्या लाइनला पुढे उपयोग सापडला खरा, पण ती घेण्याचे जे कारण मी कार्यालयप्रमुखांना दिले होते ते चुकीचे होते, आणि लाइन उपयोगी पडली म्हणून ते कारण बरोबर ठरत नाही.

माणसांवर बंधने घालण्याचा निर्णय मला सर्वांत जास्त खुपतो. वाटून घ्यायच्या वस्तूची तक्रार आली की जो ती वापरताना डोळ्यांना दिसतो त्याच्यावर संशय जातो. पान उघडताना माणूस दिसतो, मागच्या मागे जाणारी मेल दिसत नाही. आता अशा तक्रारीत मी आधी सगळ्या तारा काढतो आणि मग एकेक लावत जातो. नाव घेण्याची वेळ त्यानंतर येते.

एक अडचण मात्र पूर्ण सुटली नाही. पावसाळ्यात लाइनवर खरखर वाढली की चढता वेग ३१,२०० वरून २६,४०० वर येई. आमची मर्यादा २८,००० ची होती, म्हणजे लाइनपेक्षा जास्त. रांग पुन्हा मोडेमच्या पोटात जाई आणि जुनी तक्रार परत येई. जोडणी लागताच खरा वेग वाचून मर्यादा आपोआप बदलावी, असे मी ठरवले होते. पण जोडणी लागल्यावर पीपीपीचा, म्हणजे फोनजोडणी सांभाळणारा, प्रोग्रॅम पुढच्या स्क्रिप्टला जो वेग सांगतो तो संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या तारेचा असतो, आमच्याकडे नेहमी १,१५,२००. आणि आमचा मोडेम स्वतः सांगे तो उतरत्या दिशेचा. चढत्या दिशेचा आकडा कुठूनच मिळेना. शेवटी मर्यादा कायमची २४,००० वर आणली. त्यानंतर पहिल्या लाइनवरून फाइल जायला पंधरा मिनिटे लागत. हे मी कार्यालयप्रमुखांना आधी सांगितले, हिशोब दाखवला, आणि त्यांनी तो मान्य केला.